मागे अडथळा आहे

वजनमापे खात्यातल्या माणसाला एक खोड असते. दुकानात गेला की तो आधी तराजूकडे बघतो आणि मग मालाकडे. या कथेतल्या गृहस्थांची खोड त्याच्याही पुढे गेलेली होती. ते दवाखान्यात गेले तर डॉक्टरांचा वजनकाटा आधी तपासून घेत आणि मगच त्यावर उभे राहत. कचेरीत कोणीतरी त्यांना दशांशराव म्हटलं, ते नाव कचेरीतून घरी आलं, घरातून इमारतीत पसरलं, आणि आता पाकिटावरचं खरं नाव वाचून पोस्टमनसुद्धा खाली विचारायचा, की हे कोण बुवा? दशांशरावांना त्या नावाचा राग नव्हता. उलट मनातून थोडा अभिमानच होता, कारण अचूक असण्यावरून चिडवलं जाणं हा काही अपमान नव्हे, असं त्यांचं मत होतं.

तर या दशांशरावांची जुनी गाडी एका मुठीपायी गेली. काच वरखाली करायला दाराला आतून एक मूठ असते, ती. एक दिवस ती वहिनींच्या हातात आली. वहिनी म्हणजे दशांशरावांच्या पत्नी. सगळी इमारत त्यांना वहिनी म्हणते, म्हणून आपणही म्हणू. मूठ हातात आली आणि काच अर्ध्यावर अडकली. गॅरेजवाल्याने ती मूठ उलटीसुलटी करून पाहिली आणि जुनं नाणं परत करावं तशी त्यांच्या तळहातावर ठेवली.

"ही आता बनत नाही, साहेब. लोकांना बटण पाहिजे असतं."

"पण मला मूठ पाहिजे आहे."

"तुम्ही एकटेच," गॅरेजवाला म्हणाला.

मग वहिनींनी त्या अर्ध्या काचेवर पुठ्ठा चिकटवला. वारा अडला, पण पुठ्ठ्यामुळे वहिनींना बाजूचं दिसेना, आणि वहिनींना बाजूचं दिसलं नाही तर गाडी चालणार कशी?

हे जरा समजावून सांगायला हवं. गाडी चालवण्याचा परवाना दशांशरावांकडे होता. गाडी मात्र दोघं मिळून चालवत. लग्नानंतर लगेच ही गाडी आली तेव्हापासून वहिनी शेजारी बसून बोलत आल्या होत्या. "सायकलवाला आहे." "त्याला आधी जाऊ द्या, घाईत दिसतोय." "दुसरा टाका." दुसरा टाका म्हणजे दुसरा गिअर टाका. वळण संपलं की गाडीच्या आवाजावरून वहिनींना कळायचं आणि त्या म्हणायच्या, दुसरा टाका. घरी पोचल्यावर त्या खाली उतरत, गाडीच्या मागे जाऊन उभ्या राहत आणि डिकीवर थाप मारत. एक थाप म्हणजे या. दोन थापा म्हणजे थांबा. इमारतीखालच्या दोन खांबांमधल्या त्या अरुंद जागेत दशांशराव आरशात न बघता गाडी मागे घेत. त्यांचे कान त्या थापांकडे असत. इतक्या वर्षांत खांबाला गाडी लागली नव्हती. एकदा लागली होती, पण तेव्हा वहिनी माहेरी होत्या.

आता ही गोष्ट दशांशराव चारचौघांत कशी सांगत? नवरा म्हणून जशी सांगायची तशी. "आमच्या गाडीला दोन चालक आहेत," ते म्हणत, "एक परवाना असलेला आणि एक तोंड असलेला." लोक हसत. वहिनीही हसत. आणि त्यांच्या साडूंनी नवी गाडी घेतली, पडदेवाली, कॅमेरेवाली, स्वतःशी बोलणारी, तेव्हा तिच्यातून फेरफटका मारून आल्यावर दशांशराव सगळ्यांसमोर म्हणाले, "अशीच घ्यावी म्हणतो. गाडी स्वतःच सगळं बघते. म्हणजे हिला तोंड दुखवायला नको."

त्या वेळी लोक जास्तच हसले. वहिनी चहाचे कप गोळा करत होत्या, त्या हसल्या की नाही हे कोणी पाहिलं नाही.

गाड्यांची दोन मोठी दुकानं एकाच रस्त्यावर समोरासमोर होती. दोन्ही काचेची, त्यामुळे इकडे कोण शिरलं ते तिकडून दिसे. एकीकडच्या विक्रेत्याच्या गळ्यात गडद निळा टाय होता. दुसरीकडच्याच्या चेहऱ्यावर कायमचं हसू होतं. आपण त्यांना टायवाला आणि हसरा म्हणू, कारण दशांशरावही तसंच म्हणत. रविवारी सकाळी दशांशराव पोलादी टेप घेऊन टायवाल्याकडे शिरले आणि त्यांनी दिसेल ती गाडी मोजायला सुरुवात केली.

"इतकी रुंद कशाला?" त्यांनी विचारलं.

"ग्राहकांची मागणी आहे, सर."

"आणि हा मधला पडदा? एवढा तर आमच्या घरी टीव्ही नाही."

"ग्राहकांची मागणी, सर."

"गिअरचा दांडा कुठे गेला?"

"तो काढला, सर. ग्राहकांची—"

"मागणी," दशांशरावांनी वाक्य पुरं केलं. "अहो, मी ग्राहकच आहे. मला कोणी विचारलं नाही."

टायवाला नम्रपणे हसला. ज्याला विचारतात तो ग्राहक कोण असतो, कुठे राहतो, हे त्यालाही माहीत नव्हतं. पण तो ग्राहक भयंकर हौशी असावा. त्याला गाडीचं छप्पर काचेचं हवं होतं, बसायची जागा उन्हाळ्यात गार आणि थंडीत गरम हवी होती, आणि गाडीने त्याला नावाने हाक मारायला हवी होती. दशांशरावांना त्या माणसाबद्दल थोडी काळजीच वाटली. त्याला घरी कोणी हाक मारत नसावं.

ते बाहेर पडले तो हसरा रस्ता ओलांडून समोर उभा. "साहेब, त्यांच्यात कॅमेरे चार आहेत. आपल्यात सहा." हे ऐकून टायवाला दारात आला आणि म्हणाला की आमची गाडी रस्त्याचे पट्टे ओळखते. हसरा म्हणाला, आमची पट्टे ओळखतेच, शिवाय झोप ओळखते. टायवाला म्हणाला, आमची मराठीतून बोलते. हसरा म्हणाला, आमची मराठीतून बोलते आणि अहोजाहो करते. दोघांच्या मध्ये दशांशराव टेप धरून उभे होते. आयुष्यात पहिल्यांदाच आपल्यासाठी कोणी असं भांडतंय हे पाहून त्यांना बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. शेवटी हसऱ्याने हुकमाचं पान टाकलं. "आठवडाभर गाडी घरी न्या, साहेब. वापरा. आवडली तर ठेवा, नाहीतर मी येऊन घेऊन जातो."

टायवाल्याकडे यावर उत्तर नव्हतं, म्हणून त्याने दशांशरावांना एक छत्री भेट दिली.

पण गाडी अशी सहजासहजी इमारतीत येत नसते. इमारतीचे सेक्रेटरी हे नियमांवर जगणारे गृहस्थ. पाहुण्या गाडीला एक रात्र, सभासदाच्या गाडीला कायम. पण आठवड्यापुरत्या आणि अजून कोणाच्याच नसलेल्या गाडीला काय म्हणावं याचा नियम त्यांना सापडेना. तिसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले, तिला लांबच्या नात्यातली समजा. सेक्रेटरींना विनोद आवडत नसे. त्यांनी विचारलं, ती जागेत मावेल हे कशावरून?

हा प्रश्न वजनमापे खात्याच्या माणसाला विचारायचा नसतो. दशांशरावांनी दोन खांबांमधलं अंतर मोजलं. दुकानात जाऊन गाडी आरशांसकट पुन्हा मोजली. मग कोऱ्या कागदावर लिहून दिलं की सदर वाहन सदर जागेत दोन्ही बाजूंस पुरेसं अंतर राखून बसतं, हे मी स्वतः मोजून प्रमाणित करतो. खाली पल्लेदार सही. सेक्रेटरींनी तो कागद सूचनाफलकावर लावला.

गाडी आली. पांढरीशुभ्र, गुळगुळीत, काचेच्या छपराची. लोक खाली जमले. वहिनी नेहमीप्रमाणे मागे जाऊन उभ्या राहिल्या, पण पहिल्या दिवशी गाडी हसऱ्याने आणली होती आणि त्याने ती सरळ तोंडाने आत घातली. मग तो तोंड भरून हसत आतच बसून राहिला.

"उतरा की," दंतवैद्य म्हणाले.

हसऱ्याने दार उघडलं. ते खांबाला टेकलं. उघडलेल्या फटीतून त्याचा एक हात बाहेर आला, आणि त्याहून जास्त काही येण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या बाजूला तेच. दशांशरावांचं माप चुकलं नव्हतं, हे इथे नमूद केलंच पाहिजे. गाडी दोन्ही बाजूंस पुरेसं अंतर राखून बसली होती. फक्त त्यांनी ती दारं मिटून मोजली होती. सगळ्यांनी एकदा त्या हाताकडे पाहिलं आणि एकदा सूचनाफलकाकडे. हसरा शेवटी मागच्या डिकीतून बाहेर आला, टाय नव्हता म्हणून बरं, आणि कपडे झटकत म्हणाला, "डिकी एकदम प्रशस्त आहे, साहेब."

आता ती बाहेर काढायची तर पुन्हा कोणीतरी डिकीतून आत जायला हवं. दशांशराव म्हणाले, मी जातो. हा प्रतिष्ठेचा प्रश्न होता. वजनमापे खात्यातला एक जबाबदार अधिकारी आपल्याच इमारतीत, शेजाऱ्यांसमोर, गुडघ्यांवर रांगत डिकीतून पुढे सरकतोय, हे दृश्य काही जणांनी मोबाइलवर टिपलं. पण ते चालकाच्या जागेपर्यंत पोचले, बसले, श्वास घेतला, आणि मागून वहिनींची ओळखीची हाक आली, "हं, या."

आणि एक थाप.

दशांशरावांनी पाय हलकेच दाबला. गाडी तसूभर सरकली आणि गचकन थांबली. पडदा लाल झाला. अतिशय गोड आवाजात गाडी म्हणाली, "मागे अडथळा आहे."

त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. गाडी पुन्हा थांबली. पडद्यावर मागचं चित्र होतं. खांब, भिंत, आणि मधोमध वहिनी, हात डिकीवर, आणि त्यांच्याभोवती गाडीने काढलेली एक लाल चौकट.

"अगं बाई, ती अडथळा नाही," दशांशराव गाडीला म्हणाले. "ती बायको आहे."

"माफ करा, मला समजलं नाही," गाडी म्हणाली. "कृपया पुन्हा सांगा."

वहिनींनी पुन्हा थाप मारली. जरा जोरात. गाडीने तिच्या परीने त्याचा अर्थ टक्कर असा लावला आणि सगळे दिवे लुकलुकवत कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला. गाडीत कुठूनतरी एक बाई बोलू लागली, आपण सुखरूप आहात का, रुग्णवाहिका पाठवू का? दशांशराव म्हणाले, नको, मी माझ्या घराखालीच आहे. ती बाई म्हणाली, घाबरू नका. दंतवैद्य खिडकीशी वाकून सांगत होते, ब्रेक सोडा. सेक्रेटरी सांगत होते, ब्रेक दाबा. चौथ्या मजल्यावरून कोणीतरी गाडी बंद करून चालू करायला सांगितलं, आणि ती बंद करून चालू केल्यावर गाडी पुन्हा पहिल्यापासून म्हणाली, "मागे अडथळा आहे."

तेव्हा हसऱ्याने काचेवर टकटक केली. "साहेब, मॅडमना फक्त बाजूला व्हायला सांगा. बाकी गाडी बघून घेईल."

दशांशराव घामाघूम झाले होते. गुडघे दुखत होते, लोक बघत होते, मदतकेंद्राची बाई अजून धीर देत होती. त्यांनी मान बाहेर काढली आणि म्हणाले, "अगं, हो ना बाजूला. तुझ्यामुळेच अडलंय सगळं."

वहिनी बाजूला झाल्या. गाडी आपली आपण, दोन्ही खांबांपासून सारख्या अंतरावरून, लोण्यातून सुरी जावी तशी बाहेर आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दशांशरावांनी मागे वळून पाहिलं तेव्हा जिन्यात वहिनींच्या पायातल्या चपलेचा आवाज वर वर जात होता.

तेव्हापासून गाडी फाटकाबाहेर रस्त्यावरच उभी राहू लागली. दुसऱ्या दिवशी कचेरीच्या वाटेवर वहिनींना त्यांच्या बहिणीकडे सोडायचं होतं. त्या खाली आल्या, मागचं दार उघडलं आणि मागे बसल्या.

"पुढे ये ना," दशांशराव म्हणाले.

"असू दे. मागे ऐसपैस आहे."

मग दशांशरावांनी कचेरीची बॅग शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवली. त्या बॅगेत पितळी वजनांचा संच असे, म्हणून ती चांगलीच जड होती. गाडीने ते वजन जोखलं आणि ठरवलं की शेजारी कोणीतरी बसलं आहे. ती पट्टा लावण्यासाठी टिंगटिंग करू लागली. थांबेचना. शेवटी दशांशरावांनी सिग्नलला थांबून वहिनींच्या जागेवर बसलेल्या बॅगेला पट्टा बांधला.

"नीट लागला ना तिला?" मागून वहिनींनी विचारलं. मग त्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

दशांशरावांना वाटलं होतं की शांत गाडी चालवण्यात मोठं सुख असेल. आता कळलं की ती शांतता अंगावर येते. सायकलवाला आला, कोणी काही म्हणालं नाही. वळण संपलं, आणि त्यांचा हात आपोआप त्या दांड्याकडे गेला जो तिथे नव्हता, आणि ते मागून येणाऱ्या दोन शब्दांची वाट पाहत राहिले. गाडी आपलीआपणच वेग धरत पुढे निघून गेली. तिला दुसरा टाकायचा नव्हता. तिला कोणी काही सांगायला नको होतं.

"दुसरा टाकू का?" त्यांनी तरी विचारलं.

"मला काय विचारता? गाडीला विचारा."

असे चार-पाच दिवस गेले. घरात सगळं रीतसर चालू होतं. चहा वेळेवर मिळत होता, डबा भरला जात होता, आणि जेवताना मीठ हवं का असं विचारलंही जात होतं. पण दशांशराव तेवढे अजाण नव्हते. बाजारात हजार ग्रॅमच्या जागी नऊशे नव्वद देणारा त्यांना लांबून ओळखू येई. घरात काय कमी पडतंय हे त्यांना कळत होतं. ते फक्त कबूल करत नव्हते. ते गाडी चालवताना आरशातून मागे बघत. वहिनी खिडकीबाहेर बघत असत. पुन्हा बघत. आणि गाडी, जिला समोर एक छोटा कॅमेरा चालकाच्या डोळ्यांवर रोखलेला होता, लगेच म्हणायची, "कृपया रस्त्याकडे लक्ष द्या."

शेवटी एका संध्याकाळी, परतताना, लाल दिव्याला थांबलेले असताना ते म्हणाले, "एवढं काय मनाला लावून घ्यायचं? गाडी आहे ती. यंत्र आहे. तिला काय कळतं?"

"गाडीचं मला काहीच वाटलं नाही," वहिनी म्हणाल्या. "यंत्रच आहे ते. तुम्ही म्हणालात, तुझ्यामुळे अडलंय. आणि त्या दिवशी माझ्या बहिणीकडे म्हणालात, हिला तोंड दुखवायला नको. मला इतकी वर्षं वाटत होतं, आपण दोघं मिळून गाडी चालवतो. तुम्ही चालवत होता आणि मी नुसती बसत होते, हे माझ्या आत्ता लक्षात आलं."

दशांशरावांनी आरशात पाहिलं. हिरवा दिवा लागला होता, मागचे लोक हॉर्न वाजवत होते.

"तुम्ही थकलेले दिसता," गाडी मायेने म्हणाली. "थोडी विश्रांती घ्या."

आठवडा संपला त्या सकाळी हसरा इमारतीच्या दारात हजर होता. टायवालाही हजर होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, पण व्यवसायात बोलावण्याची वाट बघून चालत नाही. सेक्रेटरी आणि दंतवैद्य योगायोगाने तिथेच उभे होते. त्यांचा असा योगायोग रोज येत असे.

"मग साहेब, काय ठरलं?" हसऱ्याने विचारलं.

"गाडी चांगली आहे," दशांशराव म्हणाले. "फक्त तिला मागचं दिसतं. मला मागचं न दिसणारी पाहिजे."

हसऱ्याचं हसू क्षणभर सैल झालं. ही मागणी प्रशिक्षणात आलेली नव्हती. तो सावरून म्हणाला, कॅमेरा बंद करता येतो, साहेब. कायमचा? नाही, गाडी चालू केली की तो परत सुरू होतो, कंपनीचं धोरण आहे. टायवाल्याने संधी साधली. "आमच्या खालच्या मॉडेलमध्ये मागचा कॅमेरा नाहीच, सर."

"आमच्या त्याहून खालच्यात पडदासुद्धा नाही," हसरा म्हणाला.

"आमच्यात बोलणं नाही."

"आमच्यात गिअरचा दांडा आहे. हाताने टाकावा लागतो," हसरा म्हणाला आणि स्वतःच दचकला.

"आमच्यात दांडा आहेच, शिवाय मागच्या काचांना," टायवाल्याने आवाज खाली आणला, घरातली लपवलेली गोष्ट सांगावी तसा, "मूठ आहे."

दशांशराव त्याच्याकडे वळले. "कुठे आहे ती गाडी?"

ती गाडी कुठे आहे हे टायवाल्यालाही माहीत नव्हतं. ते मॉडेल जाहिरातीसाठी असतं. अमुक किमतीपासून सुरू, असं मोठ्या अक्षरांत लिहिता यावं म्हणून कंपनी ते बनवते, आणि ते कोणी मागत नाही अशी सगळ्यांची खात्री असते. शोरूममागच्या अंगणात, मोठ्या गाड्यांच्या रांगांच्या पलीकडे, एक लहानशी राखाडी गाडी धुळीत उभी होती. दशांशरावांनी टेप काढला आणि ती चारही दारं सताड उघडून मोजली. मग मूठ फिरवून मागची काच वरखाली करून पाहिली.

पण विकत घेणंही सोपं नव्हतं. संगणक ते मॉडेल घेईना. व्यवस्थापकांना बोलवावं लागलं. ते म्हणाले, सर, थोडं वरचं घ्या, लोक तेच घेतात. दशांशराव म्हणाले, नको. व्यवस्थापक म्हणाले, निदान मागचे सेन्सर तरी बसवून देतो, आमच्याकडून भेट. दशांशराव जोरात नको म्हणाले. छत्री परत देऊ केली. शेवटी व्यवस्थापक हताश होऊन म्हणाले, "पण का, सर? मला वर काहीतरी कारण कळवावं लागेल."

"कळवा," दशांशराव म्हणाले, "ग्राहकांची मागणी आहे."

राखाडी गाडी त्यांनी स्वतः चालवत इमारतीत आणली आणि खांबांपाशी आडवी उभी केली. लोक पुन्हा जमले, पण या वेळी बघण्यासारखं काही नव्हतं. दशांशराव जिना चढून वर गेले. वहिनी खिडकीत कपड्यांच्या घड्या घालत होत्या, म्हणजे त्यांनी खालचं सगळं पाहिलेलं होतं.

"जरा खाली येतेस का? गाडी मागे घ्यायची आहे."

"तिला सांगा. ती बघून घेईल."

"तिला डोळे नाहीत," दशांशराव म्हणाले. "मुद्दाम बघून आणली." मग अंगठ्याने टेपची कडी चाचपत ते म्हणाले, "त्या दिवशी मी बोललो ते चुकलं माझं. मला तुझ्याशिवाय गाडी चालवता येत नाही. मला वाटलं होतं, येते."

वहिनींनी हातातली घडी पुरी केली, ती इतर घड्यांवर नीट ठेवली आणि चपला घातल्या.

त्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. एक थाप. गाडी सरकली, कुठेही लाल झालं नाही. पुन्हा एक थाप. दशांशराव आरशात न बघता मागे येत राहिले. ते मागे येत राहिले, आणि दोन थापा पडल्या, पण त्या पडायच्या आधीच खरडल्याचा एक बारीक आवाज झाला होता.

सगळे खांबाकडे धावले. नव्या कोऱ्या गाडीच्या कोपऱ्यावर बोटभर ओरखडा उमटला होता. सेक्रेटरींनी खांब तपासला. वहिनी ओठ दाबून उभ्या होत्या.

"थाप उशिरा पडली," त्या म्हणाल्या. "माझी चूक. आठवडाभर सवय तुटली ना."

इतक्या वर्षांच्या संसारात वहिनींनी चूक कबूल केल्याची ही पहिलीच वेळ होती, आणि दशांशरावांच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने ती जपून ठेवली असती. दशांशराव उतरले. दार पुरतं उघडलं. त्यांनी ओरखड्यावरून बोट फिरवलं, टेप काढावासा त्यांना वाटला असेल, पण काढला नाही.

"काही दिसत नाही," ते म्हणाले. "चल, एक चक्कर मारून येऊ."

वहिनींनी क्षणभर मागच्या दाराकडे पाहिलं आणि पुढचं उघडलं. जागेवरची कचेरीची बॅग उचलून मागे ठेवली. त्या बसल्या, पदर सावरला, पट्टा लावला. गाडी फाटकातून बाहेर पडली. समोरून सायकलवाला येत होता, त्याच्याबद्दल त्यांनी सांगितलं. एक माणूस घाईत दिसत होता, त्याला आधी जाऊ दिलं. मग कोपऱ्यावरचं वळण आलं. नवी गाडी होती, दशांशरावांचा हात उत्साहात होता. वळण संपता संपता त्यांनी दुसरा गिअर टाकूनही टाकला.

"दुसरा टाका," वहिनी म्हणाल्या.

दशांशरावांनी क्लच दाबला, दुसरा काढला आणि पुन्हा टाकला.